बरणी आणि बोंबील

पुतणी मागच्या महिन्यात चार दिवसांसाठी राहायला आली ती पिशवीत चायनीज कोबीचे दोन गड्डे घेऊनच. कोरियन मालिका बघून बघून तिला किमची करायची हौस आली होती आणि होस्टेलच्या खोलीत एवढा पसारा मांडायला जागा नव्हती. तो आमच्या ओट्यावर मांडला गेला. कोबीच्या पानापानाला मीठ चोळून तिने तीन तास ठेवलं, धुऊन निथळलं. तांदळाच्या पिठाची खळ शिजवून तीत लसूण, आलं, मुळ्याचे उभे काप आणि कोरियन मिरचीपूड घातली. ही मिरची आपल्या बेडगीच्या स्वभावाची, रंगाला भडक आणि तिखटाला बेताची. सगळं बरणीत दाबून भरलं आणि बरणी खिडकीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा वास थेट बाहेरच्या खोलीपर्यंत आला. पेपरातून डोकं वर काढून मी काही बोलणार, एवढ्यात ही आतून म्हणाली, "आंबवलेलं आहे, वास यायचाच." मला पटलं. दुपारी जेवताना मी किमची दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी खाली उतरलो. जिन्यापाशी सोसायटीचा फळा आहे. त्याच्या कोपऱ्यात आठ वर्षांपूर्वीची एक सूचना अजून चिकटलेली आहे, टाचण्या गंजल्या आहेत: 'सदनिकेत सुकी मासळी भाजू नये.' तिच्यामागे एक तक्रार अर्ज होता. त्यावरची पाचवी सही माझी.

दुसऱ्या मजल्यावर मालवणकडचं कुटुंब राहतं. त्या घरातल्या काकू पावसाळ्यात सुके बोंबील जाळीवर भाजत आणि वास डक्टमधून वर चढे. त्या वेळी आमच्यापैकी एकानेही 'वाळवलेलं आहे, वास यायचाच' असं म्हटलं नव्हतं.

पावसाळ्यातच का, हेही कुणी विचारलं नव्हतं. कोकण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला, मासळीचा विणीचा काळ. म्हणून उन्हाळ्यातच बोंबील, जवळा, सोडे, खारवलेला बांगडा डब्यांत भरून ठेवायचे. तिकडे तिला आगोटीची बेगमी म्हणतात. आमच्या घरी त्याच दिवसांत कुरडया, पापड वाळत असतात आणि त्यांच्यावर गच्चीत कुणी नोटीस लावत नाही. कोरियात थंडी पडायच्या तोंडावर गल्लीतली माणसं एकत्र जमून कोबीचे ढीग मिठात घालतात, हिवाळाभर पुरेल एवढी किमची करतात आणि ती एकमेकांना वाटतात. त्या रिवाजाला किमजांग म्हणतात. 2013 साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पुतणीने ही माहिती ताटावर बसून अभिमानाने सांगितली होती आणि आम्ही कौतुकाने ऐकली होती.

तिला विचारलं, "तिकडे अशीच करतात का गं?"

"नाही काका. तिकडे त्यात मिठात आंबवलेली बारीक कोळंबी घालतात. आपला जवळा असतो ना, साधारण तेवढी. मी तुमच्यासाठी सोया सॉस घातला."

कोळंबी वगळली तर ती खरी किमची राहते का, यावर लोक हिरिरीने भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. कोरियातल्या बौद्ध मठांत मासळी तर नाहीच, लसूणसुद्धा न घालता किमची होते. शिवाय जिच्यामुळे किमची लाल दिसते ती मिरचीच मुळी अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याला उतरली आणि कोरियात पोचायला तिला सोळावं शतक सरत यावं लागलं. पदार्थ एका घरातून दुसऱ्या घरात गेला की बदलायचाच. मला टोचलं ते दुसरंच. समुद्रापलीकडच्या जवळ्याला माझ्या घरात अदब होती, दोन मजले खालच्या बोंबलाला नव्हती.

हे नुसतं मासळीपुरतं असतं तर एक वेळ नाकाला दोष दिला असता. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं जेवण त्यात पाककृतींसकट आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, रक्ताची रक्ती आहे, आणि त्या खाव्या लागण्यामागची सक्तीही आहे. ते वाचताना मी काही पानं भराभर उलटली होती, हे आता कबूल करतो. परदेशी फिरून आलेला माझा एक मित्र मात्र विलायती न्याहारीतल्या ब्लॅक पुडिंगचं रसभरीत वर्णन करतो. डुकराचं रक्त आणि ओट घालून केलेली ती वळकटी. ते वर्णन ऐकताना मी कधी नाक मुरडलं नाही. "खाण्याची संस्कृती असावी तर अशी," असंही एकदा म्हणालो होतो. 2024 साली पाटोळ्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं, तेव्हा आमच्या मंडळातल्या दोघांनी ते विकत घेतलं. मराठी प्रत त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हती.

पुतणी जाताना म्हणाली, थोडी खालच्या काकूंना देऊन येते. मी नको म्हणालो नाही, सोबतही गेलो नाही. काकूंनी म्हणे वास घेतला, चव घेतली आणि विचारलं, "ह्यात जवळो नाय घालूक?"

डबा दोन दिवसांनी परत आला. रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे. आत ओल्या नारळाच्या वड्या होत्या, वरून वेलची. अर्ज झाला त्याच्या आधीपासून, सणावाराला त्यांच्याकडून जे जे वर आलं ते आठवून पाहिलं: वड्या, खापरोळ्या, गणपतीत मोदक. आमच्याकडे चालेल तेवढंच.

फळ्यावरचा कागद काढायचा तर सेक्रेटरींना अर्ज द्यावा लागतो म्हणे. लिहायला घेतला आहे.