ऋण म्हणजे चोरी नव्हे

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंदिराच्या सभामंडपात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, तो पुष्कळ सभासदांच्या स्मरणात असेल. सत्कारमूर्तींमध्ये एक कन्या होती. वैद्यकीय शाखेच्या प्रवेशपरीक्षेत तिने उत्तम यश मिळविले होते. समारंभ आटोपला, मंडळी पांगली, तेव्हा ती एकटीच गाभाऱ्यापाशी आली. हातातील श्रीफळ आणि पाकीट तिने उंबरठ्यावर ठेविले व आमच्या वडिलांस म्हणाली, "गुरुजी, हे माझे नाही. मला चुकून मिळाले आहे."

वडिलांनी विचारले, "तुझी उत्तरपत्रिका दुसऱ्या कोणी लिहिली काय, बाळ?"

"नाही."

"मग हे दुसऱ्या कोणाचे कसे?"

तिला उत्तर सुचले नाही. तिने नारळ उचलला, नमस्कार केला आणि ती निघून गेली. प्रश्न सुटला, असे आम्हांस वाटले. परंतु तो सुटला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती घरी आली, ती शिक्षण सोडून देण्याचा विचार मनात घेऊनच. नापास झाली होती म्हणून नव्हे. पहिल्या वर्षाचे तिन्ही विषय तिला सुटले होते. "मला काही येत नाही, हे एक ना एक दिवस सर्वांना कळेलच. त्याआधी आपणच निघून जावे हे बरे," असे तिचे म्हणणे होते. तिची आणि तिच्या मातापित्यांची संमती घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत.

आमचे स्वतःचे शिक्षण बारावीपर्यंतचे. मानसशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु या मुलीच्या बोलण्याने आम्हांस अस्वस्थ केले, म्हणून या विषयावर जे मिळाले ते वाचले. तेव्हा कळले, की ही मनोवस्था तिच्या एकटीची नव्हे. अमेरिकेतील पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या दोन विदुषींनी १९७८ मध्ये तिच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि तिला 'इम्पोस्टर फेनॉमेनन' असे नाव दिले. पुढे 'इम्पोस्टर सिंड्रोम' हा शब्द लोकांच्या तोंडी रूढ झाला. दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांचा अनुभव त्या निबंधामागे होता. पदव्या, मानसन्मान, वरिष्ठांची शिफारस असे सर्व काही पदरी असूनही त्या स्त्रियांस वाटे, की आपण लोकांस फसविले आहे. स्वतः क्लॅन्सबाईंस विद्यार्थिदशेत हीच भीती होती. परीक्षा देऊन आल्यावर जे लिहिले ते त्यांस आठवत नसे. जे राहिले तेवढेच आठवे. पुढे त्या अध्यापन करू लागल्या, तेव्हा हुशार विद्यार्थ्यांच्या तोंडून तेच भय त्यांच्या कानी पडले.

आरंभी हा स्त्रियांचाच प्रश्न मानला गेला. पुढील अभ्यासांत तो पुरुषांतही आढळला. २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून १४,१६१ व्यक्ती होत्या. मोजण्याच्या रीतीप्रमाणे हे प्रमाण शेकडा ९ पासून ८२ पर्यंत भरले. इतक्या अंतराच्या आकड्यांवरून नेमके अनुमान काढणे कठीण. तथापि "असे मला एकट्यालाच वाटते" हा समज मात्र त्यांपुढे टिकत नाही. हा काही रोग नव्हे. मनोविकारांच्या मान्य सूचींत त्याला स्वतंत्र स्थान नाही. ही एक मनाची सवय आहे, आणि सवयीला सवयीनेच उत्तर द्यावे लागते.

या सवयीचे चक्र कसे फिरते ते पाहावे. नवे काम समोर आले, की धास्ती वाटते. मग एक तर मनुष्य गरजेच्या दुप्पट राबतो, नाही तर काम पुढे ढकलतो आणि अखेरच्या रात्री जीव तोडून उरकतो. काम बरे होते. क्षणभर सुटल्यासारखे वाटते. परंतु राबून यश मिळाले तर तो म्हणतो, "हे कष्टाचे फळ, बुद्धीचे नव्हे." घाईत मिळाले तर म्हणतो, "दैवाने तारले." दोन्ही वाटांनी यश दाराबाहेरच राहते आणि पुढच्या कामाच्या वेळी धास्ती पूर्वीइतकीच ताजी असते. म्हणूनच आणखी एक बक्षीस किंवा आणखी एक पदवी हे यावरचे औषध होत नाही.

'इम्पोस्टर' याला आपल्या भाषेत जुना आणि नेमका शब्द आहे: तोतया. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, ही कथा मराठी घरांत कोणास ठाऊक नाही? 'मीच भाऊ' असे सांगून त्याने माणसे जमविली, मुलूख हादरविला आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. आता विचार करावा. खरा तोतया परीक्षेस टाळतो, कारण तो कोण आहे हे त्यास पक्के ठाऊक असते. आमची ही कन्या परीक्षेस बसली, एकदा नव्हे अनेकदा, आणि प्रत्येक वेळी उतरली. जो तोतया असतो तो 'मी खरा' म्हणून ओरडतो. ही खरी असून 'मी तोतया' म्हणते. स्वतःस फसविणारे समजून जो रात्र रात्र तळमळतो, त्याच्या अंगी फसवणुकीचा मुख्य गुण जो निर्ढावलेपणा, तोच नसतो.

मग वडिलांच्या सरळ प्रश्नाने तिचे समाधान का झाले नाही? यावर आम्ही पुष्कळ विचार केला. उत्तरपत्रिका आपण लिहिली, हे ती नाकारीतच नव्हती. तिची शंका निराळी होती. वडिलांनी कर्ज काढून शिकवणीचे शुल्क भरले. एका शिक्षकांनी तीन तीन वेळा समजावून सांगितले. आईने पहाटे उठून चहा केला. परीक्षेत दोन प्रश्न नेमके वाचलेले आले. हे सर्व वजा केले तर माझे असे काय उरते, हा तिचा हिशेब होता. मिळालेले प्रत्येक साहाय्य ती चोरीचा पुरावा म्हणून मांडीत होती.

येथेच, आमच्या मते, या प्रश्नाचे नैतिक मर्म आहे. आपल्या परंपरेने या साहाय्यास फार पूर्वीच नाव देऊन ठेविले आहे. ते नाव 'चोरी' नव्हे, 'ऋण' होय. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्मास येतो, असे आपण मानतो. ज्याने कोणाचेच काही घेतले नाही असा मनुष्य शास्त्राने कल्पिलेलाच नाही. ऋषिऋण फेडावयाचे ते अध्ययनाने आणि घेतलेली विद्या पुढे देऊन. ऋणको आणि चोर या दोघांच्याही हाती दुसऱ्याची वस्तू असते. परंतु चोर तोंड लपवितो, आणि ऋणको उजळ माथ्याने काम करून ती फेडतो. आमची कन्या ऋणको होती आणि चोरासारखी पळू पाहत होती. शिक्षण सोडून ती कोणाचे देणे फेडणार होती? उलट पित्याचे कर्ज, गुरूचे श्रम आणि उद्याच्या रुग्णांचा हक्क, तिन्ही बुडणार होते.

कोणी म्हणेल, ही शंका म्हणजे विनयच नव्हे काय? संतांनीही स्वतःस लहान म्हणविले. खरे आहे, परंतु त्यांनी काय केले तेही पाहावे. ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांपुढे आपले अज्ञान सांगितले, सारे श्रेय निवृत्तिनाथांस दिले, आणि शके १२१२ मध्ये सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ पुरा केला. श्रेय गुरूचे म्हणून लेखणी खाली ठेविली नाही. विनय सांगतो, 'हे मला दुसऱ्यांमुळे लाभले.' खोटी शंका सांगते, 'म्हणून हे माझे नव्हेच.' पहिले वाक्य सत्य आहे, दुसरे असत्य आहे. स्वतःविषयी खोटे बोलणे हेही खोटेच. ते कमीपणाचे असले म्हणून पुण्यप्रद होत नाही. शिवाय त्यात इतरांचा अनादर आहे. ज्या परीक्षकांनी निवडले, ज्या गुरूंनी शिकविले, ते सर्व एकाच वेळी फसले, असे आपण त्यात गृहीत धरतो.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. एखाद्यास खरोखरच येत नसेल तर? तर त्याने तसे सांगावे आणि शिकावे. न येणे हे अज्ञान. येत नसता येते म्हणणे ही लबाडी. दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. "मला हे अजून येत नाही, दाखवाल काय?" असे विचारणारा विद्यार्थी त्याच क्षणी तोतयेपणाच्या आरोपातून मुक्त होतो.

हे आम्ही कोरड्या तर्काने लिहीत नाही. वडील आजारी असता एका घरची सत्यनारायणाची पूजा आम्हांस प्रथमच एकट्याने सांगावी लागली. पूजा संपली आणि आमच्या आजोबांच्या वयाचे यजमान पाया पडण्यास वाकले. लाजेने आम्ही पाय मागे घेतले. ते गृहस्थ हसून म्हणाले, "गुरुजी, नमस्कार तुमच्यापाशी ठेवून घ्यायला कोणी सांगितले? पुढे पोचवा." तेव्हापासून आम्ही नमस्कार घेतो आणि मनातल्या मनात वडिलांकडे, त्यांच्या गुरूंकडे आणि देवाकडे पोचवितो. भीती पूर्णपणे गेली आहे असे नव्हे, परंतु पाय मागे जात नाहीत.

आता थोडे वडीलधाऱ्यांविषयी, त्यांची क्षमा मागून. क्लॅन्स आणि आइम्स यांस दोन प्रकारची घरे आढळली. एका घरात दुसऱ्याच भावंडास 'हुशार' ठरविलेले असते. मग या मुलीने कितीही यश आणले तरी ती 'गुणी' किंवा 'मनमिळाऊ' एवढीच राहते. दुसऱ्या घरात मुलीस सांगितले जाते, की तू असामान्य आहेस, तुला सर्व काही सहज जमते. पुढे पहिली अडचण आली, की त्या मुलीस वाटते, सहज जमले नाही म्हणजे मी असामान्य नव्हतेच. पहिल्या घरात कौतुक कमी पडते, दुसऱ्यात भलत्या ठिकाणी पडते. 'तू हुशार आहेस' यापेक्षा 'हे गणित तू तीनदा चुकून चौथ्यांदा सोडविलेस' हे सांगणे बरे. ते सत्य असते, आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडते.

आपल्या इंदूरच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, महाविद्यालयात इंग्रजी. इंग्रजीत अडखळले, की त्यांस ज्ञानच अडखळल्यासारखे वाटते. वस्तुतः तो जिभेचा प्रश्न असतो, बुद्धीचा नव्हे. घराण्यात प्रथमच महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा पुरुषांच्या कचेरीत एकटीच अधिकारी असलेली स्त्री यांस तर पुष्कळदा भोवतालचे लोकच 'तू येथली नव्हेस' असे नजरेने सुचवितात. अशा ठिकाणी दोष त्या व्यक्तीच्या मनात शोधणे अन्यायाचे होईल. तेथे सुधारावयाची ती कचेरी आणि ते महाविद्यालय.

उपाय काय? किष्किंधेच्या शेवटी समुद्र पाहून सारे वानर हताश झाले, तेव्हा मारुतिराय एकीकडे गप्प बसले होते. जांबवंत त्यांच्यापाशी गेला. त्याने त्यांचे जन्मवृत्त सांगितले आणि बालपणी सूर्याकडे घेतलेल्या झेपेची आठवण करून दिली. जांबवंताने नवे बळ दिले नाही. जे घडले होते तेच सांगितले. आपणांसही एवढेच करता येते. विद्यार्थ्याने एक वही करावी. कोणते काम केले, काय अडले, कोणी साहाय्य केले आणि शेवटी काय साधले, हे तारखेसह लिहावे. साहाय्याचे रकाने गाळू नयेत. तीच ऋणाची नोंद. कोणी प्रशंसा केली तर 'छे, छे' न म्हणता 'आभारी आहे' म्हणून थांबावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे भय चार समवयस्कांत बोलून दाखवावे. त्या दोन विदुषींनीही एकत्र बसून बोलण्यावर भर दिला होता. दुसऱ्याच्या तोंडून तीच शंका ऐकली, की ती किती निराधार आहे हे चटकन कळते; स्वतःची मात्र दिसत नाही. झोप उडाली, अन्न जाईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र वहीवर विसंबू नये. वैद्यांकडे जावे, किंवा २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. त्यात कमीपणा नाही.

ती कन्या दिवाळीनंतर परत गेली. तिच्या वहीत पहिली नोंद आईच्या पहाटेच्या चहाची आहे, असे तिने आम्हांस सांगितले. दुसरी नोंद एका वृद्ध रुग्णाची आहे, ज्याचा रक्तदाब तिने न चुकता मोजला. भीती अजून येते, असे ती म्हणते. परंतु ती आली म्हणून वर्गाचे दार आता चुकत नाही.

असो. पुढील सत्काराच्या वेळी कोणी श्रीफळ परत ठेवू लागले, तर 'हे तुझेच आहे' एवढेच सांगून थांबू नये. 'हे पुष्कळांचे आहे, आणि फेडावयाचे काम तुझे आहे' असे सांगावे, हीच सभासदांस नम्र विनंती.