न दिसणारं काम

शेतकऱ्याला पारख असते म्हणतात. बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, खांद्यावरून हात फिरवतो. बियाणं मुठीत घेऊन बघतो. पण विहिरीवरच्या इंजिनचा ब्लॉक स्लीव्ह बसवायला लेथवाल्याकडे दिला की सगळी पारख संपते. हेड बसलं, नट आवळले, की आत काय केलंय ते कुणालाच दिसत नाही. दिसतं ते दोन महिन्यांनी, ऊस पाण्यावर आलेला असताना. मग ज्याचं काम दिसत नाही, तो माणूस निवडायचा कशावरून?

आधी काम समजून घेऊ. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर जाऊन परत फिरतो तिथं जास्त झिजतो; वरच्या कडेला नख फिरवलं तर पायरी लागते. त्या झिजलेल्या भोकाचाच आधार धरून बोअर केलं तर नवंही तिरकं होतं. कोरडी स्लीव्ह दाबून बसवताना फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो. सैल राहिली तर मधल्या फटीमुळं उष्णता ब्लॉकमधून पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि पिस्टन धरतो. फार घट्ट ठोकली तर तिचा गोलपणाच जातो. शेवटी होनिंगच्या बारीक तिरक्या रेघा. त्या तेल धरून ठेवतात. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर तेल धरत नाही. आपण मात्र चकाकी बघून खूश होतो.

म्हणून मी मशीन किती नवं, बोर्ड किती मोठा, हे बघत नाही. तो माणूस मोजतो कसा ते बघतो. वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं गेज लावतो का? ‘नवा पिस्टन आणलाय का? त्याच्या मापाशिवाय शेवटचा हात मारणार नाही,’ असं म्हणतो का? ‘एअर फिल्टरमधलं तेल कधी बदललं होतं?’ असं विचारतो का? धूळ आत जात राहिली तर नवी स्लीव्हही खाणार, हे त्याला ठाऊक असतंय. आणि ब्लॉकला तडा दिसला तर ‘याच्यात पैसे घालू नका’ म्हणून मिळणारी मजुरी सोडतो का? हातचं काम सोडून खरं बोलणारा माणूस मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

कुणी म्हणेल, तोही पोटासाठीच बसलाय. बरोबर आहे. आपण घासाघीस करून त्याची मजुरी निम्म्यावर आणतो, ‘उद्या पाहिजे’ म्हणून मानगुटीवर बसतो, आणि वर प्रामाणिकपणाही मागतो. मोजायला वेळ लागतो. त्या वेळाचे पैसे द्यायचे नसतील तर न मोजलेलं काम आपणच विकत घेतलं म्हणायचं.

आणि हा हिशेब उलटाही लागतो. डाळिंबाचं क्रेट भरताना वरचा थर सगळेच निवडून लावतात. खालचा थर घेणाऱ्याला दिसत नाही. शहरातली बाई आपल्या नावानं नव्हे, भरवशानं ते फळ घेते. तिच्याकडं बोअर गेजही नाही. लेथवाल्यानं आपल्या ब्लॉकला जे करावं असं आपल्याला वाटतं, तेच खालच्या थराला करायला आपल्याला कुणाची ना आहे?