आधी केसपेपर

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या हरभट रोडवर चढलं, तेव्हा तिथल्या एका फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर टेबलासकट बुडाला. मालकानं हार्ड डिस्क तेवढ्या आधीच माळ्यावर टाकल्या होत्या, म्हणून लोकांच्या लग्नांचे फोटो वाचले. पण फोटो वाचले म्हणजे अल्बम झाले असं नव्हे. तुळशीचं लग्न लागलं, नवी लग्नसराई दारात आली, तरी उन्हाळ्यातल्या ऑर्डरी तशाच. शेवटी मालकानं साताऱ्याच्या बहिणीकडे लॅपटॉप मागितला. ती सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. तिनं निरोप धाडला, लॅपटॉप गोडोलीतून हलणार नाही, माणूस पाठवा.

माणूस म्हणजे मालकाचा मुलगा. विश्रामबागेत वालचंद कॉलेजात शिकणारा, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी कॉम्प्युटरचा डॉक्टरच. शनिवारी सकाळच्या एसटीनं, इस्लामपूर-कराडवरून तो साताऱ्यात उतरला. दुपारी अल्बमचं सॉफ्टवेअर उघडलं, तर स्क्रीन लुकलुकायला लागली आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झाल्याची पाटी आली.

त्यानं इंटेलच्या साइटवरून सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवला. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. एक चौकट आली, त्यानं ती बंद केली. परत चालवला, परत चौकट. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. मग ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ असं सांगणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. त्यानं ड्रायव्हर दिला नाहीच, वर आपली दोन भावंडं आणून बसवली. रात्री वैतागून त्यानं होता तो ड्रायव्हरही काढून टाकला. स्क्रीनवरचं चित्र आडवं ताणलं गेलं आणि मिरजेची एक सडपातळ नवरी दीडपट रुंद दिसायला लागली.

सकाळी उठून पाहतो तर चित्र आपोआप सरळ झालेलं, पण लुकलुक पुन्हा चालू. त्यानं सांगलीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “मदरबोर्ड गेला असंल.” न बघता मदरबोर्ड घालवणारी ही जात गावोगाव आहे.

“आत्या, हा टाकाऊ झाला. नवीन घ्यावा लागणार.”

आत्यानं कपाटातून वही आणि चष्मा काढला. “बस इथं. आधी केसपेपर करू. पहिल्यांदा काय दिलंस?”

“ड्रायव्हर टाकला.”

“मग काय झालं?”

“एरर आला.”

“कसला?”

“एरर म्हणजे... एरर. इन्स्टॉल होत नाही असा.”

“पेशंटला ताप आहे म्हणून सांगितलंस तर किती ते नको का सांगायला? परत लाव. मला लिहून घ्यायचंय.”

त्यानं नाइलाजानं तीच फाइल चालवली. चौकट आली, त्याचा हात बंद करायला गेला, आत्यानं “वाच” म्हटलं. दोनच वाक्यं होती. हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी तपासलेला नाही. योग्य ड्रायव्हर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या.

आत्यानं शब्दन् शब्द उतरवला. “म्हणजे बोर्ड-बिर्ड काही गेलं नाही की रे. हे औषध माझं नाही, एवढंच म्हणतोय तो.”

तो ओशाळला. चिप इंटेलची असली तरी लॅपटॉप बांधणारी कंपनी आपल्या स्क्रीनप्रमाणे, उजेड कमीजास्त करणाऱ्या बटणांप्रमाणे ड्रायव्हरमध्ये फेरफार करून घेते. त्यावर कुणी मूळ चिपवाल्याचा सरसकट ड्रायव्हर घालू नये, म्हणून तो अडवलेला असायचा. (पुढे 2020 मध्ये इंटेलनं हे कुलूप बरंचसं सैल केलं.)

“पण कंपनीच्या साइटवरचा जुना आहे, आत्या. गेल्या वर्षीचा.”

“तुला नवा पाहिजे का चालणारा?”

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग मॉडेल शोधणं आलं. झाकणावर नुसतं घराण्याचं नाव होतं आणि त्या घराण्यात वेगवेगळ्या चिपांचे लॅपटॉप. खालचं लेबल मांडीवर घासून पांढरं पडलेलं. त्यानं कमांड देऊन सीरियल नंबर काढला, तो कंपनीच्या साइटवर घातल्यावर नेमकं मॉडेल मिळालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन ग्राफिक्स दिसत होते. एकाच्या ओळखक्रमांकात 8086 होतं, दुसऱ्याच्या 10DE. पहिला इंटेलचा, 1978 सालच्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडाच त्या कंपनीनं ओळख म्हणून घेतलाय. दुसरा एनव्हिडियाचा. जड काम दुसरा करतो, पण या लॅपटॉपची स्क्रीन पहिल्याला जोडलेली, म्हणजे आधी पहिल्याचंच बघायला हवं.

“दोन्ही एकदम टाकतो.”

“एका वेळी एकच. दोन गोळ्या दिल्यास आणि अंगावर पुरळ उठलं, तर कुठल्या गोळीनं उठलं ते सांगशील?”

वहीत वेळ आणि कृती असे दोन रकाने पडले. फुकटचं सॉफ्टवेअर भावंडांसकट काढलं. रिस्टोअर पॉइंट केला. दोन्ही फाइली उतरवून घेतल्या, चार्जर लावला. इथं आत्यानं मागचं पान उलटलं. “काल रात्री तू ड्रायव्हर काढलास, नवरी जाड झाली. सकाळी तू हात न लावता बारीक कशी झाली? रात्रीत कुणी काय दिलं?”

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इंटरनेट चालू होतं, विंडोजनं रातोरात स्वतःच्या पोतडीतला ड्रायव्हर आणून बसवला होता. तो काढला की पुन्हा तोच येणार. म्हणून वायफाय बंद केलं, ड्रायव्हर काढताना त्याच्या फाइलीही पुसण्याच्या चौकोनात खूण केली, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि कंपनीचा ड्रायव्हर लावला.

अर्ध्यावर स्क्रीन काळी झाली. त्याचा हात पॉवरच्या बटणावर गेला, तो आत्यानं मनगटाला धरला. नाडी बघणाऱ्याची पकड होती ती. “थांब. स्क्रीन काळी होईल, घाबरू नका, असं आत्ताच वाचून दाखवलंस ना मला?”

काही वेळानं स्क्रीन उजळली. लुकलुक थांबलेली. आत्यानं वेळ टाकून पुढं ‘बरं’ असं लिहिलं आणि मगच दुसरी फाइल लावू दिली. संध्याकाळी चहा होईपर्यंत मिरजेची नवरी आपल्या मापात, दागिन्यांच्या मण्यांसकट स्वच्छ दिसत होती.

अल्बम गेले, पैसे आले, स्टुडिओला नवा कॉम्प्युटर आला. जानेवारीत पोरानं सांगलीहून उत्साहानं फोन केला, “आत्या, कंपनीनं आता नवा ड्रायव्हर दिलाय. रविवारी येऊन टाकू का?”

“काही दुखतंय का त्याला?”

“नाही.”

“मग कशाला? तू ये मात्र. मोदींचे कंदी पेढे आणून ठेवते.”