मूठभर दाणे, वीतभर पाणी

हिवाळ्यात दिल्लीच्या यमुना घाटावर कुरवांचे थवे उतरतात. नावेतून फिरणारी माणसे त्यांच्याकडे बेसनाचे खारे नमकीन उधळतात, पक्षी कलकलाट करत हवेतच ते टिपतात, आणि त्या दृश्याची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतात. तिथून काही किलोमीटर खाली, मयूर विहारच्या पश्चिमेला नदीचे खादर, म्हणजे पूरमैदान, पसरलेले आहे. भाजीपाल्याचे पट्टे, पाणकणसाची बेटे, मधेमधे साचलेले उथळ पाणी. त्याच्याही खाली ओखल्याच्या बंधाऱ्यामागे सुमारे चार चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य आहे, १९९० साली जाहीर झालेले. तिथे थापट्या, चक्रांग, तलवार बदक हे पाहुणे मध्य आशिया आणि सायबेरियातून येऊन उतरतात. त्यांच्याकडे कुणी काही उधळत नाही, आणि उधळले तरी ते घ्यायला येणार नाहीत. आपल्या पक्षिप्रेमाने बहुतांशी घाटावरचे रूप घेतले आहे. पण खादरातल्या पक्ष्याला आपल्याकडून काही मिळण्यापेक्षा त्याच्याकडून काही काढून न घेतले जाणे हवे असते. करुणेचा हा दुसरा प्रकार आपल्याला जड जातो, कारण त्यात देणाऱ्याचा हात कुठे दिसत नाही.

सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. गेल्या काही दशकांत ज्यांची सर्वाधिक भरभराट झाली त्यांत आपले कबुतर आहे. ज्यांची घट इतकी मोठी आहे की जागतिक लाल यादीतले त्यांचे स्थान पुन्हा तपासावे अशी शिफारस झाली, त्यांत नीलपंखाबरोबर थापट्या, चक्रांग आणि तुतवार आहेत. या घटीची कारणे अनेक आहेत आणि ती अनेक देशांत पसरलेली आहेत. दाणे टाकल्यामुळे बदके कमी झाली असे कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण या यादीत एक ओळ सरळ दिसते. माणसाच्या गच्चीवर आणि दाण्यावर जगू शकणारा पक्षी वाढला. चिखल आणि उथळ पाणी ज्याला लागते तो आटत गेला. थापट्याची चोच पसरट असते, तिच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात, आणि पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव तो टिपतो. तलवार बदक शेपूट वर करून मान जेवढी पोचेल तेवढ्याच खोलीवरचे खाते. तुतवाराला तर पाण्याची नुसती ओली कड पुरते. पाणी कमरेएवढे झाले की या तिघांचेही ताट आखडते, आणि तिथे मुख्यतः चांदवे आणि बुड्या मारणारी बदके राहतात. या पक्ष्यांचे अन्न आणि त्यांची जागा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. म्हणून ते अन्न पिशवीतून आणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप इंग्लंडचे उदाहरण घेऊन येतो. तिथे घरोघरी बागेत दाण्याची भांडी टांगलेली असतात आणि त्यातूनच पक्ष्यांवर जीव लावणारा मोठा समाज उभा राहिला. हे खरे आहे. पण बर्फाने जमीन कडक झालेल्या देशात दाण्यावर जगणाऱ्या छोट्या पक्ष्याला ते भांडे खरोखर तारते. दिल्लीचा हिवाळा माणसाला बोचतो. उत्तरेकडून आलेल्या बदकाला मात्र तो सुकाळ असतो. इथे खायला आहे म्हणूनच तर ते इथवर येते. शिवाय इंग्लंडचा अनुभवही निर्भेळ नाही. २००५ च्या सुमारास तिथल्या ग्रीनफिंच पक्ष्यांत घशाचा एक परजीवी रोग पसरला. एकाच भांड्यावर गर्दी करणाऱ्या पक्ष्यांत तो सहज फैलावतो. ग्रीनफिंचची संख्या निम्म्याहून खाली आली आणि २०२१ साली हा पक्षी ब्रिटिश लाल यादीत गेला. आपल्याकडे तर भांड्याची स्वच्छता दूरच, काय टाकावे याचाही विचार नसतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे लागलेल्या कुरवांना जे वेफर्स आणि गाठिया मिळतात, तेच मीठ आणि तेल यमुनेवर नमकिनातून जाते. मासे, किडे आणि किनाऱ्यावरचे मृत जीव खाणाऱ्या पक्ष्याचा तो आहार नव्हे. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. विष्ठेमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारांची चर्चा त्या निमित्ताने पुष्कळ झाली. आयत्या दाण्यावर एकाच जातीचे पक्षी किती वाढतात आणि त्याचा इतर पक्ष्यांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जीवदया हा आपला संस्कार आहे, तो नाकारून पर्यावरण कसे वाचेल? कबुतरांना ज्वारी टाकणारे व्यापारी, जुन्या दिल्लीत सदका म्हणून घारींना मांसाचे तुकडे फेकणारे लोक, सणाच्या दिवशी कावळ्याला घास ठेवणारी आपली घरे, या सगळ्यांत खरी माया आहे, आणि तिला अंधश्रद्धा म्हणून हिणवणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण संस्कारात फक्त दानच आहे असे कुणी सांगितले? कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत देवराया आहेत. देवराईत देवाला काही वाहण्यापेक्षा तिथले काही न उचलण्याला महत्त्व असते. पडलेली वाळकी फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, हा तिथला नियम. गावाने स्वतःला घातलेली ती मर्यादा होती आणि तिच्यामुळे शतकानुशतके झाडे, झरे आणि पाखरे टिकली. नदीच्या खादराला ही दृष्टी लावायला नवा धर्म काढावा लागत नाही.

ती दृष्टी न लावल्याने काय झाले ते मयूर विहारच्या आसपास दिसते. २००१ मध्ये नोएडाला जोडणारा डीएनडी मार्ग खुला झाला, २००५ मध्ये अक्षरधाम मंदिर उभे राहिले, २०१० मध्ये त्याच्या शेजारी राष्ट्रकुल खेळांचे क्रीडाग्राम. प्रत्येक वेळी जागा ‘रिकामी’ होती. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पूरमैदानात नव्या बांधकामाला मनाई केली. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना २०८.६६ मीटरवर पोचली, १९७८ चा विक्रम मोडून. खादरातली कुटुंबे मयूर विहारच्या रस्त्यांकडेला तंबूत राहिली. जमीन रिकामी नव्हती, नदीची होती, एवढे तरी त्या पाण्याने सांगितले. इथे तिसरा आक्षेप येतो, की पक्ष्यांसाठी जमीन राखायची म्हणजे भाजी पिकवणाऱ्या गरिबाला हुसकायचे का? हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. पुरासोबत जुळवून घेणारी हंगामी शेती आणि कायमचे काँक्रीट यांना एकाच मापाने मोजणे अन्याय आहे. नांगरलेल्या ओल्या वाफ्यात धोबी आणि गायबगळे चरतात, फरशीवर नाही. शेतकऱ्याला पर्यावरणाच्या नावाने उठवून त्याच जागी दिवे, पायवाटा आणि दगडी काठ बसवले, तर बदकाच्या वाट्याला काय आले? दगड लावलेल्या काठाला उथळ कड उरत नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या यमुनाकाठच्या प्रकल्पांत मयूर नेचर पार्क हे नाव आहे. तो बाग होणार की पाणथळ, हे त्याच्या काठांच्या उतारावरून ठरेल.

ओखल्याचा जलाशय बंधाऱ्यामुळे झाला, पाणी नाल्यांचे आहे, मग त्यात नैसर्गिक ते काय, असेही विचारले जाते. वझीराबाद ते ओखला हा यमुनेचा जेमतेम बावीस किलोमीटरचा तुकडा, आणि नदीच्या एकूण प्रदूषणाचा फार मोठा वाटा इथेच पडतो. त्या पाण्यातही शेकाटे उभे दिसतात म्हणून पाणी चालण्यासारखे आहे असा अर्थ काढणे घातक आहे. सांडपाणी थांबलेच पाहिजे. पण पाणथळ माणसाने केले म्हणून ते राखण्याजोगे नाही, हा तर्क मला पटत नाही. वझीराबादजवळच्या यमुना जैवविविधता उद्यानात दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नापीक झालेल्या जमिनीवर पाणथळी नव्याने घडवल्या, आणि तिथे लालसरीसारखी बदके हिवाळ्यात उतरू लागली. नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी यायची वाट बुजली, तेव्हा रोहित पक्ष्यांची जागा कोरडी पडली. त्यांना हवी होती ती फक्त दिवसातून दोनदा येणारी भरती. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत ओखल्याच्या काठावर दुर्बिणी लागतात आणि आकडे लिहिले जातात. ते आकडे ज्या पाण्यावर अवलंबून आहेत, ते किती खोल ठेवायचे हे बंधाऱ्याच्या दरवाजांवर ठरते. ते दरवाजे उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्याच्या ताब्यात आहेत आणि ते चालतात ते कालव्याच्या व पुराच्या हिशोबाने. ऑक्टोबर ते मार्च या काळात जलाशयाच्या काही भागात पाणी वीतभर ते गुडघाभर राहावे, अशी नोंद त्या हिशोबात घालणे अवघड नाही. तिचा कुणी फोटो काढणार नाही. थापट्याला मात्र ती उमगेल.