तामार कोठे गेली?

शास्त्रभाग : २ शमुवेल १३ : १ ते २२

हा अध्याय आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. शब्बाथशाळेच्या धड्यांत दाविदाची गोफण आहे, शलमोनाचे ज्ञान आहे; तामार नाही.

अम्नोनाने दुखण्याचे सोंग घेतले आणि शुश्रूषेला आलेल्या बहिणीवर बलात्कार केला, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण तिला त्या घरी कोणी पाठविले, ते पुन्हा वाचा. दावीद राजाने, तिच्या बापाने. ती आज्ञा पाळून गेली. आपली मुलेही आपल्याच सांगण्यावरून गायनाच्या सरावाला जातात, शिबिराला जातात. "चर्चचीच तर माणसे आहेत," असे म्हणून आपणच त्यांना पाठवितो. म्हणून तेथे झालेली जखम एका माणसापुरती राहत नाही. पाठविणाऱ्यांवरचा विश्वास तिच्याबरोबर मोडतो. देवावरचाही मोडतो, कारण देवाचे नाव त्या लेकरांनी आपल्याच तोंडून ऐकलेले असते.

तामार गप्प बसली नाही. तिने अम्नोनाला परोपरीने विनविले. नंतर झगा फाडून, डोक्यावर राख टाकून ती मोठ्याने रडत निघाली. अबशालोमाने तिला सांगितले की गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. राजाला सर्व कळले आणि त्याला फार राग आला. आणि पुढे? पुढे काहीच नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने मेंढरांच्या कातरणीच्या वेळी अम्नोनाला मारविले, आणि दाविदाच्या घराची फाटाफूट झाली. तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहिली.

सुमारे २५ वर्षांपूर्वी एका मंडळीच्या कमिटीत मी सर्वांत धाकटा सभासद होतो. एक आई आपल्या मुलीची तक्रार घेऊन आली. ज्याच्याविषयी तक्रार होती तो इसम दानशूर, गोड गळ्याचा, सर्वांच्या उठण्याबसण्यातला. आम्ही त्याला बोलाविले. "चूक झाली," म्हणून त्याने हात जोडले. आम्ही त्या मातेला सांगितले की, प्रभूने सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायला शिकविले आहे. मग एकाने प्रार्थना केली. पुढच्या रविवारी तो इसम दानाची थैली घेऊन बाकांमधून फिरत होता, आणि त्या मायलेकींची जागा रिकामी होती. बऱ्याच वर्षांनी ती माता मला एस.टी. स्टँडवर भेटली. घरच्यांची विचारपूस केली, मग म्हणाली, "त्या दिवशी प्रार्थना तुम्हीच केली होती ना, भाऊ?"

होय, मीच केली होती.

ज्या मत्तय १८ च्या शेवटाचा आम्ही आधार घेतला, त्याचा आरंभ आम्ही वाचलाच नाही. लहानग्याला अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट प्रभू आधी बोलतो. न ऐकणाऱ्याला परक्यासारखे मानावे, हेही आधी येते. आणि क्षमेचा तो प्रश्न पेत्राने आपल्याविरुद्ध झालेल्या अपराधाविषयी विचारला होता. दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटण्याचा अधिकार कमिटीला कोणी दिला? शिवाय क्षमा निराळी आणि विश्वास निराळा. त्या मुलीने मनापासून क्षमा केली, तरी शब्बाथशाळेची किल्ली त्या इसमाच्या हाती परत जाता कामा नये.

मोठ्या नावांमुळेही असेच होते. मद्रासेत जन्मलेले वक्ते रवी झकारायस यांची पुस्तके आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. त्यांच्याविषयी २०१७ साली एका स्त्रीने तक्रार केली, तेव्हा त्यांची संस्था त्यांच्याच बाजूने उभी राहिली. ते २०२० साली वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत अनेक स्त्रियांवरील अत्याचार उघड झाले, आणि त्या स्त्रीवर अविश्वास दाखविल्याची चूक संस्थेला जाहीरपणे कबूल करावी लागली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांशी दोन शब्द. मूल काही सांगू लागले तर ऐका. खोदून खोदून विचारू नका, आणि "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. दडविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ या क्रमांकावरूनही मदत मिळते. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, आणि मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. तेव्हा प्रार्थनासभेत नाव घेऊन विनंती मांडू नका. (आपल्याकडे ही खोड फार आहे.) सज्ञान स्त्री असेल तर पुढचे पाऊल तिने ठरवावे, आपण बरोबर चालावे. वर्गात दोन मोठी माणसे असावीत, दार उघडे असावे. यात कोणाचा अपमान नाही.

माझ्या हकीकतीतला तो इसम आता हयात नाही. गेल्या वर्षी मी त्या बैठकीविषयी कमिटीपुढे लेखी कबुली ठेवली, आणि मुलीचे नाव न घालता तिची नोंद मिनिट बुकात झाली. आधी निरोप पाठविला. "या," असे उत्तर आल्यावर मी ती नोंद वाचून दाखवायला त्या मातेकडे गेलो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, एक वाक्य पुन्हा वाचायला लावले, आणि चहा ठेवला. मुलगी माहेरी आलेली होती. ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, आणि तिला बोलवा असे मी म्हटले नाही.