मापावर नजर कोणाची?

गेल्या पेसाखच्या सुट्टीत आमचा भाचा घरी आला होता. जेवणे झाली, चहा झाला, आणि बोलता बोलता तो म्हणाला, "मामा, सरकारने बाजाराला हात लावूच नये. विकणारा विकतो, घेणारा घेतो, भाव आपला आपण ठरतो. मध्ये तिसरा कशाला?" भाचा शिकलेला, आम्ही निवृत्त शिक्षक. त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम भाच्याची बाजू, कारण तिच्यात तथ्य आहे. आम्ही मुंबईत वाढलो तेव्हा साखर आणि घासलेट रेशनकार्डावर मिळे. पिशवी आणि डबा घेऊन तासभर रांगेत उभे राहावे, तर आपला नंबर येईपर्यंत माल संपलेला. तोच माल संध्याकाळी मागच्या दाराने चढ्या भावाने निघे. सरकारने भाव ठरविला होता, पण माल काही हुकुमाने पैदा होत नाही. इथे इस्राएलमध्येही तेच पाहिले. १९८४ साली महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेली. भाव गोठविण्याचे करारमदार झाले, तरी ती हटली नाही. जुलै १९८५ मध्ये सरकारने भावांबरोबर स्वतःच्या खर्चालाही कात्री लावली, तेव्हा कुठे ती उतरली आणि १९८६ मध्ये २० टक्क्यांच्या आसपास आली. तेव्हा नुसत्या हुकुमाने बाजार चालत नाही, हे आम्हांस मान्य आहे.

आता दुसरी बाजू. आमची एक मावशी होती. तिला हिब्रू वाचता येत नसे. आम्ही नुकतेच उल्पान संपविलेले, त्यामुळे तिची सारी कागदपत्रे आम्हीच वाचून दाखवीत असू. बँकेतल्या माणसाने सांगितले, "पैसे नुसते ठेवू नका, बँकेचे शेअर घ्या, ते कधी खाली येत नाहीत." आम्ही आकडे पाहिले. आलेख वरच चढत होता. आम्ही मावशीला म्हटले, "घे."

तो आलेख खोटा होता. देशातल्या मोठ्या बँका वर्षानुवर्षे स्वतःच आपल्या शेअरना गिऱ्हाईक उभे करून भाव चढा ठेवीत होत्या, आणि सल्ला देणारी बँकही तीच होती. ज्यांनी पाहायचे त्यांनी काणाडोळा केला. ऑक्टोबर १९८३ मध्ये फुगा फुटला आणि शेअरबाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. सरकारने हमी दिली, पण मावशीचे पैसे वर्षानुवर्षे अडकून पडले, आणि त्या हमीचा भार साऱ्या देशाच्या करांवर पडला. १९८६ मध्ये बेइस्की आयोगाचा अहवाल आला, बँकांच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. मावशी आम्हांस एका शब्दाने बोलली नाही. तेच आम्हांस अजून बोचते.

इथे विकणारा होता, घेणारा होता, भावही होता. मग बिघडले कोठे? बिघडले मापात. शेअरचा भाव हे घेणाऱ्याचे माप. ते विकणाऱ्याच्याच हाती राहिले आणि त्यावर तिसऱ्याची नजर नव्हती.

आपल्या शास्त्रींना हा प्रश्न नवा नव्हता. तालमूदमध्ये बाबा बात्रा या भागात त्याची चर्चा आहे. शमुएलने कर्नाला पाठविले, "जा, लोकांना शिकव की मापांवर निरीक्षक नेमावेत, भावांवर नेमू नयेत." कर्नाने जाऊन नेमके उलटे शिकविले: दोन्हींवर नेमावेत. शमुएल फार रागावला. कर्नाच्या बाजूने कारण दिले आहे ते असे, की जगात लबाड माणसे असतात.

गंमत पाहा. मापांवर निरीक्षक हवा, याविषयी दोघांत वादच नाही. वाद फक्त भावांचा. आणि भावांवर निरीक्षक नको म्हणणारा शमुएलही हात बांधून बसला नाही. पेसाखनंतर लोकांना नवी मडकी लागतात, हे विक्रेत्यांना पक्के ठाऊक. शमुएलने त्यांना बजावले: भाव रास्त ठेवा, नाही तर जुनी मडकी वापरायला हरकत नाही असा निवाडा मी उघडपणे देईन. त्याने भाव ठरविला नाही. गिऱ्हाइकाला दुसरी वाट दाखविण्याची तयारी ठेविली.

ही युक्ती आपणही पाहिली आहे. २००६ मध्ये कॉटेज चीजवरचे भावनियंत्रण उठले, पण विकणारे मोजकेच आणि बाहेरच्या मालावर जबर जकात. पाच शेकेलच्या आसपासचा डबा २०११ पर्यंत सातच्या वर गेला. लोकांनी घेणे थांबविले, तेव्हा भाव उतरला. त्याला मोकळा बाजार कसा म्हणावा? उलट २०१२ मध्ये मोबाइल टेलिफोनच्या धंद्यात नव्या कंपन्यांना वाट मिळाली. कंपनी सोडणाऱ्याकडून दंड घेण्यावर कायद्याने आधीच बंदी आली होती. बिले झपाट्याने उतरली. सरकारने भावाला हात लावला नाही, दार तेवढे उघडले. पण ते दार बाजाराने स्वतःहून उघडले नव्हते.

म्हणून भाच्याला आमचे उत्तर असे: भाव बहुतेक वेळा बाजारावर सोडावा. माप मात्र कधीही सोडू नये. मापावर नजर नसली की बाजार मोकळा राहत नाही, तो बळवंताचा होतो. आणि नजर ठेवणारा झोपला किंवा विकला गेला, तर त्यालाही जाब विचारणारा कोणी हवा. १९८३ मध्ये कायद्याइतकाच हा जाब कमी पडला.

तरी एक गोष्ट उरतेच. तोरा खोट्या मापाने विकू नका एवढेच सांगून थांबत नाही. लहानमोठी दोन मापे घरात ठेवूही नका, असे सांगते. घरात निरीक्षक येत नाही. तिथे ज्याचा त्यालाच पहारा करावा लागतो. मावशीचे कागद वाचताना "आम्हांला हे नीट कळत नाही" एवढे म्हणायचे धैर्य आमच्यात असते, तर तेही खरे माप ठरले असते. पुढल्या सुट्टीत भाचा आला की हे त्याला आम्ही सांगणार आहोत.