चिलखताखालचें दुखणें



राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत अरामी सेनापति नामान ह्याची हकीकत आहे. ती आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. नामान शूर होता, राजाच्या मर्जींतला होता, लोक त्यास मान देत. परंतु त्याच्या चिलखताखालीं कोड होतें. त्यास वाट दाखविली ती घरांतल्या एका लहानशा दासीनें. आणि तो रागावून परत फिरला असतां त्याचें मन वळविलें तें त्याच्या चाकरांनीं. रोगापेक्षां त्याचा मानच त्यास अधिक आडवा आला. यार्देनेंत उतरणें सोपें होतें. अंगावरचें चिलखत चारचौघांत उतरविणें मात्र त्यास कठीण गेलें असावें.

आज आम्ही पुरुषांच्या अशाच एका झांकून ठेवलेल्या दुखण्याविषयीं लिहीत आहों. असा विषय उपदेशांत कशास, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या देवानें हा देह घडविला, त्याच्यासमोर नांव घेण्याची लाज वाटावी असा ह्या देहाचा भाग कोणता?

पुरुषाच्या मूत्राशयाखालीं, मूत्रमार्गास वेढून, एक ग्रंथि असते. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणीं ती अक्रोडाएवढी असते, आणि तिचा रस वीर्यांत मिसळतो. वय वाढतें तशी ती बहुतेकांत वाढूं लागते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. पाटाच्या तोंडाशीं गाळ साचला म्हणजे पाणी जसें अडतें, तसा मूत्रमार्ग आवळला जातो. रात्रीं दोन-तीन वेळां उठावें लागतें, लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, धार बारीक होते, मागाहून थेंब गळतात, आणि पोट मोकळें झालें असें वाटत नाहीं. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचाच पुढें कर्करोग होतो असेंही नाहीं. पुष्कळांस गोळ्यांनीं आराम पडतो. न पडल्यास पोट न कापतां, मूत्रमार्गांतूनच दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करितां येते. परंतु वर्षानुवर्षें दुर्लक्ष केल्यास मूत्राशयांत लघवी तुंबून राहते, खडे होतात आणि मूत्रपिंडेंही निकामी होऊं शकतात. म्हातारपण आहे, चालायचेंच, असें म्हणून जो सोसतो तो अशा रीतीनें बरें होण्याजोगें दुखणें घरांत पाळून ठेवतो.

ह्याच ग्रंथीचा दुसरा रोग म्हणजे कर्करोग. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागांत उत्पन्न होतो. म्हणून आरंभीं मूत्रमार्ग दाबला जात नाहीं, आणि मनुष्यास कांहींच कळत नाहीं. पुढें तो हाडांत उतरतो, तेव्हां कंबर व पाठ दुखूं लागते. आणि आपला शेतकरी बंधु समजतो कीं, ओझें उचलल्यानें दुखत आहे. रोग ग्रंथीतच असतां सांपडला, तर तो समूळ बरा होण्याची आशा मोठी असते; हाडांत गेल्यावर उपचारांनीं आयुष्य वाढवितां येतें, वेदना कमी करितां येतात, परंतु रोगाचें मूळ सहसा निघत नाहीं. म्हणून लक्षण दिसेल तेव्हां पाहूं, हा हिशेब येथें चुकतो.

लाजेपायीं जीव जातात हें मिशनाच्या इतिहासानें पूर्वींच दाखविलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तामीळ देशांतील तिंडिवनम् येथें आयडा स्कडर ही तरुणी आपल्या मिशनरी आईबापांकडे आली होती. एका रात्रीं एकामागून एक असे तीन पुरुष दारीं आले. तिघांच्याही बायका बाळंतपणांत अडल्या होत्या. तिचे वडील डॉक्टर होते. परंतु परपुरुषाचा हात बायकोस लागूं देण्यास तिघांपैकीं एकही कबूल होईना. सकाळपर्यंत तिन्ही बायका मरण पावल्या. ह्या एका रात्रीनें तिचें आयुष्य फिरलें. १८९९ सालीं ती डॉक्टर झाली, १९०० सालीं परत आली, आणि वेल्लोरच्या मोठ्या रुग्णालयाचा पाया तिनें घातला. त्या बायकांस वाचविण्यास वैद्य जवळ होता. मध्यें लाज उभी होती. आज तीच लाज पुरुषांच्या दाराशीं बसली आहे. बायकोस, लेकीस दवाखान्यांत नेणारा बाप स्वतःच्या लघवीची गोष्ट मात्र डॉक्टरापाशीं काढीत नाहीं.

तर मग तपासणी ती काय? एक रक्ताची परीक्षा आहे, तिला पी.एस.ए. म्हणतात. दुसरी हाताची तपासणी: डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारांतून बोटानें ग्रंथि चाचपून पाहतात. तिला एक मिनिटही लागत नाहीं. तिच्यानें कोणाचें पौरुष कमी होत नाहीं.

येथें आम्हांस सत्य पुरतेंपणीं सांगितलें पाहिजे. रक्ताची ही परीक्षा बिनचूक नव्हे. ग्रंथीच्या साध्या वाढीनें अथवा जंतूंच्या बाधेनेंही आंकडा चढतो; म्हणून आंकडा चढला म्हणजे कर्करोगच, असें समजून घाबरूं नये. पुढें एम.आर.आय.चें चित्र, आणि लागल्यास सुईनें काढलेला कण तपासून निर्णय करितात. शिवाय ह्या ग्रंथीचे कांहीं कर्करोग इतके संथ असतात कीं, मनुष्य दुसऱ्याच कारणानें वृद्धापकाळीं मरतो. अशांवर घाईनें शस्त्रक्रिया केल्यास लघवीवरील ताबा किंवा पुरुषत्वाची शक्ति विनाकारण जाऊं शकते. म्हणून डॉक्टर पुष्कळदां केवळ नजर ठेवून राहतात. युरोपांतील ८ देशांत १९९३ पासून सुमारें १ लाख ६२ हजार पुरुषांवर ह्या तपासणीचा अभ्यास झाला. त्याचा २३ वर्षांचा निकाल २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. तपासणीस बोलाविलेल्यांत ह्या रोगाचे मृत्यु शेंकडा १३ नीं कमी झाले; म्हणजे ४५६ पुरुषांस बोलाविलें तेव्हां एकाचा असा मृत्यु टळला. लाभ खरा आहे. पण तो डोळे मिटून घ्यावयाचा नाहीं, डॉक्टरांशीं बोलून घ्यावयाचा आहे.

म्हणून पन्नाशी गांठलेल्या प्रत्येक बंधूनें डॉक्टरांस एवढें विचारावें: माझ्यासाठीं ही परीक्षा योग्य आहे काय, आणि ती पुन्हां किती वर्षांनीं करावी? ज्याच्या बापास किंवा सख्ख्या भावास हा कर्करोग झाला त्यास धोका सुमारें दुपटीनें असतो. त्यानें पंचेचाळिसाव्या वर्षींच विचारावें. सत्तरी ओलांडलेल्यास कांहीं त्रास नसेल, तर ही परीक्षा बहुधा लागत नाहीं. परंतु लघवींतून रक्त गेलें, लघवी अजीबात अडली, किंवा कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडूं लागले, तर वय न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. सर्दीच्या कांहीं गोळ्यांनीं वाढलेल्या ग्रंथीची लघवी एकाएकीं अडते, हेंही ध्यानांत ठेवावें. वारंवार लघवी होणें हें मधुमेहाचेंही लक्षण आहे. तीही परीक्षा त्याच वेळीं व्हावी. आणि एक गोष्ट विसरूं नये: सरकारी तपासणींत तीस वर्षांवरील लोकांचा तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पाहतात; प्रोस्टेट त्यांत नाहीं. आशाताई हा प्रश्न घेऊन आपल्या दारीं येणार नाहीं. तो आपण स्वतः विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, प्रार्थना असतां डॉक्टर कशास? हिज्कीया राजा मरणोन्मुख होऊन रडला, तेव्हां देवानें त्याची प्रार्थना ऐकली आणि आयुष्याचीं पंधरा वर्षें वाढवून दिलीं. तरीही यशया संदेष्ट्यानें अंजिरांचें पोटीस आणवून गळवावर बांधविलें. प्रार्थना ऐकली गेली, आणि औषधही लागलें. जो देव ऐकतो तोच अंजीर पिकवितो, आणि वैद्यास बुद्धिही तोच देतो.

उपदेशक बंधूंनो, ह्या कामीं नामानाच्या चाकरांची जागा तुमची आहे. पुरुषांच्या सभेंत हा विषय साध्या शब्दांत काढा, कोणी हंसल्यास त्यास रागावूं नका. एखादा वडील माणूस एकांतीं येऊन आपलें दुखणें सांगेल, तर तें पोटांत ठेवा, आणि त्याच्याबरोबर रुग्णालयापर्यंत चाला. अनोळखी दारांत एकट्यानें शिरण्याची भीति पुष्कळांस मागें फिरविते. बहिणींनो, रात्रीं धनी कितीदां उठतो हें तुमच्याइतकें कोणास ठाऊक असणार? त्या दासीप्रमाणें गोड शब्दानें सुचवा.

आणि वडील बंधूंनो, तुमचें आयुष्य केवळ तुमचें नाहीं. शेतांत, घरांत आणि मंडळींत तुमची वाट पाहणारीं माणसें आहेत. तुमचें मौन त्यांसही भोगावें लागतें. नामानानें चिलखत उतरविलें तेव्हां त्याचा मान गेला नाहीं. तो निरोगी होऊन व देवास ओळखून घरीं परतला. तशीच सुबुद्धि व तसेंच धैर्य प्रभु तुम्हां प्रत्येकास देवो. आमेन.